सकाळी सहाचा स्नॅपशॉट

आमच्या रुग्णालयाच्या फाटकावर सोनवणे भाऊ नावाचे सुरक्षारक्षक होते. एक दिवस ते गुळगुळीत दाढी करून, केसांना तेल लावून, इस्त्रीचा गणवेश घालून माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"मॅडम, माझा एक निघाला असता तर बरं झालं असतं."

"काय निघाला असता?"

"फोटो. तुम्ही रोज सकाळी सहाला काढता म्हणे. मी तर तेव्हा ड्यूटीवरच असतो."

मला हसू आवरेना. रोज फाटकातून आत येता येताच मी धुळ्याच्या शाखेला फोन करून विचारायची, "सहाचा स्नॅपशॉट निघाला का?" ते त्यांनी किती महिने ऐकलं होतं कोण जाणे. त्यांना निराश करणं जिवावर आलं. मोबाईलवर त्यांचा छान फोटो काढून दिला. तो त्यांनी मुलीच्या लग्नपत्रिकेच्या निरोपाबरोबर सगळ्यांना पाठवला. माझ्या सगळ्या नोकरीत लोकांच्या डोळ्यांना दिसलेला माझा स्नॅपशॉट तेवढा एकच. बाकीचे हजारो कुणाला दिसले नाहीत. ते दिसू नयेत म्हणूनच मला पगार होता.

मी मूळची असोद्याची. आडनाव झोपे. या आडनावाच्या बाईला रुग्णालयाच्या माहितीवर पहारा द्यायला बसवलंय, यावर डॉक्टर मंडळींनी करायचे तेवढे विनोद करून झाले आहेत, म्हणून मी आधीच सांगून टाकते. जळगावच्या एका न्यासाच्या रुग्णालयात मी टंकलेखक म्हणून लागले ती नोंदींच्या खोलीत. पुढे संगणक आले, आणि त्यांच्यामागून माहिती साठवायच्या मोठ्या पेट्या आल्या. त्या ठेवायला जी खोली केली ती इतकी थंड, की तिथे बसायला कुणी राजी होईना. मी स्वेटर विणून घेतला आणि बसले. निवृत्त होईपर्यंत जळगावचं मुख्य रुग्णालय आणि धुळ्याची शाखा, दोन्हीकडच्या पेट्या माझ्याच हाताखाली होत्या.

"तू दवाखान्यात करते काय वं नेमकं?" असोद्याला गेलं की माझी वहिनी हमखास विचारायची. तिला जे सांगितलं तेच इथे सांगते.

कपाटाएवढ्या पेटीत छत्तीस डिस्क असतात. पेटी त्या सगळ्यांची जागा एकत्र करते आणि आपण सांगू तसे तिचे वाटे पाडून देते. एक वाटा क्ष-किरण विभागाला, एक प्रयोगशाळेला. ज्याला वाटा मिळाला त्या सर्व्हरला वाटतं, ही माझी स्वतःची अख्खी डिस्क. प्रत्यक्षात ती छत्तीसांत विखुरलेली असते, म्हणून तिला आभासी डिस्क म्हणायचं.

आणि स्नॅपशॉट म्हणजे नक्कल नव्हे. नक्कल करायला वेळ लागतो आणि तेवढीच जागाही लागते. समजा एक वही आहे आणि तिच्यात दिवसभर खाडाखोड चालू आहे. मी सकाळी सहाला फक्त एवढंच सांगते, की आतापासून कुणी कुठलीही ओळ खोडली, तर आधी ती जुनी ओळ मागच्या कोऱ्या पानांवर उतरवायची आणि मगच खोडायची. संध्याकाळी कुणी म्हणालं, मला सकाळची वही दाखवा, तर ज्या ओळी बदलल्या नाहीत त्या वहीत आहेतच आणि बदललेल्या मागच्या पानांवर आहेत. दोन्ही जोडून वाचलं की सकाळची वही जशीच्या तशी. मागच्या कोऱ्या पानांना आम्ही राखीव जागा म्हणतो.

वहिनीनं भाकरी थापता थापता सगळं ऐकलं आणि विचारलं, "अन् मांगची पानं भरली त?"

आमच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांना दहा वर्षांत न सुचलेला प्रश्न तिला पाच मिनिटांत सुचला. मागची पानं भरली, की पेटी स्वतःहून स्नॅपशॉट टाकून देते. चालू काम अडू नये म्हणून. आणि एकदा टाकला की तो ब्रह्मदेवालाही परत आणता येत नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. नोंदींच्या खोलीत नाना महाजन नावाचे ज्येष्ठ कारकून होते. त्यांनी बाळंतपणाच्या जुन्या नोंदवह्या पानापानाने स्कॅन करून ठेवल्या होत्या. दोन उन्हाळे त्यात घातले होते त्यांनी. एकदा जागा कमी पडली म्हणून मी त्यांच्या डिस्कचे जुने स्नॅपशॉट पुसले. विचारलं नाही, कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी नाना आले आणि म्हणाले, चुकून एका फोल्डरवर दुसरं फोल्डर चढलं, परवाचं मिळेल का? मी खरं ते सांगितलं. नाना म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, कागद आहेत अजून." आणि पुढचे तीन महिने दुपारचा डबा खाऊन ते पुन्हा स्कॅनरपाशी बसू लागले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून मी एक जाड वही केली. कुठली डिस्क कुणाची, तिचा ओळखक्रमांक काय, पुसण्याआधी कुणाला विचारलं, सगळं हातानं लिहायचं. तरुण सहकारी हसायचे. हसू दिलं.

आता धुळ्याची गोष्ट सांगते.

धुळ्याच्या शाखेत कर्करोगाच्या रुग्णांना किरणोपचार देतात. आपल्याकडे लोक त्याला शेक म्हणतात. कुणाला पंचवीस शेक, कुणाला पस्तीस, रविवार सोडून रोज. शेक द्यायच्या आधी डॉक्टर त्या माणसाच्या शरीराच्या चित्रांवर एकेक रेघ आखून प्लॅन बनवतात, किरण कुठून जायचे आणि कुठल्या अवयवाला चुकवायचे याचा. त्या प्लॅनशिवाय यंत्र चालूच होत नाही. मध्येच उपचार थांबून आठ-दहा दिवस गेले, तर तेवढ्यात रोग पुन्हा डोकं वर काढू शकतो. त्या वेळी एकेचाळीस जणांचे प्लॅन एका आभासी डिस्कवर होते.

ती डिस्क भरत आली होती, म्हणून मी आदल्या दिवशी तेवढ्याच आकाराची दुसरी बनवून त्याच सर्व्हरला जोडून दिली. पेटीतली शिल्लक जागा त्यात संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राच्या कंपनीचा इंजिनियर येऊन नवी डिस्क फॉरमॅट करणार, म्हणजे वापरण्याजोगी करणार, असं ठरलं होतं. काम अर्ध्या तासाचं. मी जळगावलाच होते आणि मला नव्या प्रिंटरच्या बैठकीला बोलावलं होतं. तिथे मोबाईल बंद ठेवायचा नियम. तो मी पाळला, याची चुटपुट अजून आहे.

बैठकीतून बाहेर येऊन फोन चालू केला तर धुळ्याच्या पेटीकडून आलेल्या सूचनांची रांगच लागलेली. राखीव जागा पन्नास टक्के, पंच्याहत्तर टक्के. मी धावत थंड खोलीत गेले आणि पडद्यावर पाहिलं. प्लॅनच्या डिस्कची राखीव जागा एक्क्याण्णव टक्के भरली होती. एरवी दिवसभरात ती तीन टक्के भरायची.

याचा अर्थ एकच. कुणीतरी त्या डिस्कवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काहीतरी लिहीत सुटलं होतं. इंजिनियरनं चुकीची डिस्क धरली होती. नवीच्या ऐवजी जुनीचं फॉरमॅट चाललं होतं, तेही झटपटचं नाही, सगळं धुऊन काढणारं. पुसल्या जाणाऱ्या प्रत्येक तुकड्याला पेटी इमानानं मागच्या पानांवर उतरवत होती. आणि पानं संपत आली होती.

ब्याण्णव. मिनिटाला एक टक्का.

रविवारी बॅकअप व्हायचा खरा, पण मागच्या रविवारी जळगाव-धुळे लाईन तुटून तो अर्धवट राहिला होता. त्याआधीचा बॅकअप बारा दिवस जुना. त्यानंतर कितीतरी नवे रुग्ण आले होते आणि सगळ्यांच्या शेकांच्या नोंदी पुढे सरकल्या होत्या. म्हणजे त्या क्षणी एकेचाळीस माणसांचे उपचार सकाळी सहाच्या एका स्नॅपशॉटवर टिकून होते, आणि त्याच्याकडे आठ मिनिटं उरली होती.

इंजिनियरचा फोन लागेना. धुळ्याच्या स्वागतकक्षात फोन केला. तिथल्या मुलीनं पळत जाऊन पाहिलं आणि धापा टाकत सांगितलं, "मॅडम, सर्व्हरच्या खोलीला कुलूप आहे. साहेब फॉरमॅट लावून चहाला गेलेत. दार उघडायचं कार्ड त्यांच्याच खिशात."

आता एकच उपाय दिसत होता. इथून, जळगावहून, ती डिस्क सर्व्हरपासून तोडायची. माऊसच्या दोन टिचक्या. पण त्या दिवसापुरते प्लॅन यंत्रानं सकाळीच वाचून घेतले होते, म्हणून शेक अजून चालू होते, आणि त्यांची नोंद त्याच सर्व्हरवर होत होती. अशी डिस्क ओढून काढली की कधीकधी सर्व्हर गोठतो. त्या क्षणी कुणी यंत्राखाली असेल, तर शेक अर्ध्यावर बंद पडणार.

मी यंत्राच्या कक्षात फोन लावला. तिथले तंत्रज्ञ बागूल मूळचे साक्रीचे, पण रुग्णालयात कायम छापील मराठीत बोलणारे अतिशय शिस्तीचे गृहस्थ.

"बागूल, टेबलावर कुणी आहे?"

"आहेत. सोनाबाई म्हणून साक्रीकडच्या आजी आहेत. एक बाजू झाली, दोन राहिल्यात. का?"

"किती वेळ?"

"सहा मिनिटं. मॅडम, झालं काय?"

मी दोन वाक्यांत सांगितलं. ते म्हणाले, "मध्ये थांबवलं तर किती किरण गेले ते हातानं मोजत बसावं लागेल. आजींना परत त्याच जागी, त्याच मापात झोपवायचं. त्यांची पाठ धरलीये, सकाळपासून तक्रार चालू आहे. तुम्ही सांगाल तसं करतो."

सांगायचं मला होतं. चौऱ्याण्णव.

एका आजीचा अर्धा शेक एकीकडे, चाळीस जणांचे प्लॅन दुसरीकडे. हिशेब सोपा वाटतो ना? मला नाही वाटला. टेबलावर निजलेल्या त्या म्हातारीचा आवाज कक्षातल्या स्पीकरवरून मला फोनमधून ऐकू येत होता. "मी उठू का भाऊ? मनी पाठ धरी ऱ्हायनी," असं ती म्हणत होती आणि बागूल तिला म्हणत होते, "हालू नका आजी, थोडंच राहिलं आहे."

आणि मग मला पेटीत जागा कुठे आहे ते आठवलं. कालची नवी डिस्क! मीच बनवलेली, कोरी करकरीत, अजून कुणी हातही न लावलेली. ती पुसली तर सर्व्हरला पत्ताही लागणार नव्हता, आणि तिची सगळी जागा मोकळी होऊन राखीव जागेला देता आली असती. बागूलांना म्हटलं, "आजींचा शेक पूर्ण होऊ द्या, फोन ठेवू नका."

फक्त एक अडचण होती. दोन्ही डिस्क एकाच आकाराच्या. नावांत फरक फक्त शेवटच्या आकड्याचा. इंजिनियर जिथे घसरला तिथेच मी उभी होते, आणि त्याच्या चुकीवर अजून इलाज होता. माझ्या चुकीवर नव्हता, कारण मूळ डिस्क पुसली की तिचे स्नॅपशॉटही तिच्याबरोबरच जातात.

मी दार उघडून हाक मारली, "नाना! नाना, जरा या इकडे!"

नोंदींची खोली शेजारीच. नाना महाजन चष्मा कपाळावर ढकलत आले. मी माझी जाड वही त्यांच्या हातात दिली.

"शेवटचं पान. कालची तारीख. नव्या डिस्कचा ओळखक्रमांक आहे. दोन-दोन आकडे वाचा. घाई करू नका."

"किती वेळ आहे आपल्याकडे?" त्यांनी विचारलं.

"चार मिनिटं. पण तुम्ही घाई करू नका."

त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि सुरुवात केली. "साठ, शून्य शून्य… बावीस… एकेचाळीस…" बत्तीस आकडे. मी पडद्यावर बोट ठेवून जुळवत गेले. मध्ये एकदा ते थांबले. "हा सात आहे का एक?" "सात. माझा सात तसाच आहे." शेवटचा आकडा जुळला. पेटीनं विचारलं, नक्की पुसायची का? नाव स्वतःच्या हातानं लिहा. मी लिहिलं. सत्त्याण्णव.

डिस्क गेली आणि जागा मोकळी झाली. राखीव जागा वाढवायचा आदेश दिला आणि पडद्यावर ते गोल फिरणारं चिन्ह आलं. अठ्ठ्याण्णव. फिरतंच होतं. नाना माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होते.

मग आकडा बदलला. त्रेचाळीस टक्के.

नाना म्हणाले, "हे चांगलं का वाईट?"

"चांगलं," मी म्हणाले. डोळे भरून आले होते.

दोन मिनिटांनी बागूलांचा आवाज आला, "मॅडम, झालं. आजी उठल्या. खोली रिकामी आहे." मी डिस्क तोडली आणि फॉरमॅट थांबलं. सर्व्हर खरोखरच गोठला. आजी टेबलावर असत्या तर काय झालं असतं, ते तेव्हा कळलं.

धुळ्याच्या मुख्य डॉक्टरांचा फोन आला. ते तापलेले होते आणि ते साहजिकच होतं. "तुमच्याकडे सगळं सकाळसारखं मागे नेण्याचं बटण आहे ना? मग दाबा! बाहेर सोळा पेशंट बसलेत."

"नाही दाबणार, सर."

"का?"

"ते बटण त्याच डिस्कवर लिहायला लागतं. आत्ता तुमचे प्लॅन अर्धे मूळ डिस्कवर आहेत आणि अर्धे राखीव जागेत. मध्ये वीज जरी गेली तरी दोन्हीकडचं हातचं जाईल. आधी स्नॅपशॉट वेगळी डिस्क म्हणून उघडते, फक्त वाचण्यापुरता. त्यातून सगळं जळगावच्या पेटीत उतरवते. मग तुम्ही म्हणाल ते बटण दाबते. आजचे शेक थांबवा. उद्या सकाळी सगळे सुरू होतील."

"खात्री आहे?"

खात्री सहाच्या स्नॅपशॉटची होती, माझी नव्हती. पण मी हो म्हणाले. इतकी वर्षं त्या संस्थेत मी कुठल्याही डॉक्टरला नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं, आणि त्यांनी ऐकलं.

लाईन संथ होती. दुपार सगळी त्यातच गेली. नानांनी आपला डबा माझ्यापुढे ठेवला आणि मी शेवभाजी खाल्ली की नाही, तेही आठवत नाही. चार वाजता फाइली उतरल्या. बागूलांसाठी धुळ्याच्या दुसऱ्या एका संगणकावर ती प्रत उघडून दिली आणि म्हटलं, "यादी घ्या. एकेक नाव वाचा, प्लॅन उघडा, चित्र नीट दिसलं तरच पुढे जा."

बागूल नाव वाचत. मग काही सेकंद जात. मग ते म्हणत, "आहे." पुढचं नाव. "आहे." मी फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर केला होता. नाना वहीत खुणा करत होते. दहा झाले, पंधरा झाले. सोनाबाईंचं नाव आलं. "आहे. आजच्या आधीच्या एकोणीस शेकांची नोंद आहे." विसाव्या नावानंतर त्यांच्या आवाजातली शिस्त ढळू लागली. पुढचं नाव त्यांनी वाचलं, थांबले आणि म्हणाले, "शे." मग पुन्हा "शे". त्या छापील मराठी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदाच त्याची घरची बोली ऐकत होते. "शे, मॅडम. हाई बी शे." चाळिसावं नाव झालं तेव्हा ते जवळजवळ ओरडले, "बठ्ठा शेतस!"

बठ्ठा म्हणजे सगळे. पण सगळे नव्हते. एकेचाळिसावा प्लॅन उघडला नाही. एरंडोलचे एक शिक्षक होते, त्यांचा प्लॅन डॉक्टरांनी त्याच सकाळी साडेनऊला पूर्ण केला होता. सहाच्या स्नॅपशॉटमध्ये तो असणार कसा? ज्या डॉक्टरांनी मला बटण दाबायला सांगितलं होतं, त्यांनीच संध्याकाळी बसून तो पहिल्यापासून पुन्हा आखला. दुसऱ्या दिवशी शिक्षकांचा पहिला शेक ठरल्या वेळेला झाला. त्यांना काही कळलं नाही. डॉक्टरांच्या आयुष्यातले ते चार तास मात्र माझ्या नावावर आहेत. त्या आठवड्यात मी स्नॅपशॉटचं वेळापत्रक बदललं. दिवसातून एक होता तो दर दोन तासांनी झाला आणि राखीव जागा दुप्पट केली. हे मी आधीच करायला हवं होतं.

इंजिनियरनं मात्र सरळ येऊन चूक कबूल केली. पुढच्या वेळी आला तेव्हा त्याच्या हातात एक कोरी जाड वही होती. "मॅडम, क्रमांक सांगा, लिहून घेतो," म्हणाला. तेवढ्यावर माझा राग गेला.

त्या दिवसाबद्दल एक साधं पत्र आलं, 'तत्परतेबद्दल अभिनंदन'. ते मी फाईलला लावलं. खरा मान नानांनी दिला. त्यांनी त्या बत्तीस आकड्यांच्या पानाची झेरॉक्स काढून नोंदींच्या खोलीत चिकटवली, आणि कुणी विचारलं की सांगायचे, "हे मी वाचलं होतं."

काही दिवसांनी पेटीच्या कामासाठी मी धुळ्याला गेले. बागूलांनी दारातच गाठलं. "बरं झालं आलात. सोनाबाईंचा शेवटचा शेक आहे आज. आता बाहेर येतील. तुमची ओळख करून देतो. त्यांना कळू दे तरी."

दार उघडलं. लहानखुऱ्या, काटक आजी, डोक्यावर घट्ट पदर. पाठ दुखणारी बाई असावी असं काही वाटत नव्हतं. बागूल तोंड उघडणार तोच मी त्यांना नको म्हणून खुणावलं.

आजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साक्रीची गाडी बारा वाजता. "जराखा धर व माय," म्हणत त्यांनी हातातली पिशवी माझ्याकडे दिली आणि भिंतीला टेकून चपला घातल्या, एक, मग दुसरी. मी पिशवी धरून उभी राहिले. मग त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, बागूलांना म्हणाल्या, "येस रे भाऊ, आते काही येवानं काम नही," आणि झपझप पायऱ्या उतरून गेल्या.